हातांचा शॉट

टीव्हीवर तोंड लपवून बोलणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. खिडकीच्या उजेडासमोर बसलेला नुसता काळा आकार, आणि आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा. त्या माणसांना तसं बसवणं हे माझं वीस वर्षांचं काम. ओळखपत्रावर शोधपत्रकार असं लिहिलेलं आहे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मात्र मी 'न्यूजवाली', आणि पाणी आलं नाही की आधी माझी बेल वाजते, मग महापालिकेचा फोन.

मी स्वभावाने तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझा ताठा चांगलाच अंगाशी आला. स्टुडिओत बसून कशालाही 'मोठा धमाका' म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. रडणाऱ्या बाईपुढे माइक धरून 'आता कसं वाटतंय' विचारणाऱ्या एका रिपोर्टरचा मी कल्याणला रुग्णालयाबाहेर सगळ्यांदेखत पाणउतारा केला होता. या धंद्यात माणसांची चाड असलेली मीच एक, असं मला मनापासून वाटायचं. माझ्याकडे विश्वासाने बोललेलं एकही माणूस कधी उघडं पडलेलं नाही, हे मी नव्या मुलामुलींना पुन्हापुन्हा ऐकवायचे. ते खरंही होतं, काकू येईपर्यंत.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमचं ठाण्याचं ऑफिस नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांचं. एका दुपारी त्या जिना चढून आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.

"टँकरच्या घाण पाण्याची बातमी तुम्हीच केली होतीत ना?" त्यांनी विचारलं. "मग मला तुमच्याशीच बोलायचं आहे." आणि मेथीच्या खालून त्यांनी झेरॉक्सचे दोन गठ्ठे काढले.

त्या नौपाड्यातल्याच एका इंजिनिअरकडे टायपिस्ट होत्या. नवरा गेला तेव्हा या साहेबांनी त्यांना नोकरी दिली, त्याला बावीस वर्षं झाली होती. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. साहेबांचं काम जुन्या इमारती तपासण्याचं. इमारत अजून उभी राहू शकते की रिकामी करायला हवी, हे सांगणारा अहवाल ते देत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते, तेव्हा आपलं नाव त्यात येऊ नये म्हणून लोक अशा अहवालांसाठी धावत असतात.

काकूंनी आणलेला एक अहवाल ठाण्यातल्या एका जुन्या घराचा होता, दुसरा शहाड स्टेशनजवळच्या चार मजली इमारतीचा. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. आकडे ओळीने तेच. भेगा त्याच, खांब तेच, आणि दोन्हींच्या अंगणात पूर्वेला एक बुजवलेली विहीर. शहाडच्या इमारतीला अंगणच नव्हतं. शेवटी दोन्हीकडे एकच वाक्य होतं: इमारत राहण्यास सुरक्षित आहे.

"साहेब तिथे गेलेच नाहीत," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, तर म्हणाले, तुम्ही टाइप करा. मी केलं. पण मनातून जाईना. म्हणून रविवारी स्वतः शहाडला जाऊन आले. खाली किराणा दुकान आहे. त्यातला खांब इतका फुटलाय की आतल्या गंजक्या सळ्या दिसतात. दुकानदाराने पुढे तांदळाची पोती रचून ठेवली आहेत, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. आणि वर बायका कपडे वाळत घालत होत्या." त्यांनी अहवालाच्या तळाशी बोट ठेवलं. "ते शेवटचं वाक्य माझ्या हातचं आहे हो. इतक्या वर्षांत मी जाणूनबुजून खोटं टाइप केलं नव्हतं."

त्यांची अट एकच होती. आपण कोण ते कळता कामा नये. ज्या माणसाने पडत्या काळात हात दिला, त्याच्यासमोर उभं राहून हे बोलायची आपली छाती नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. नोकरीची तीन वर्षं उरली होती. लेक पुण्यात, तिच्या संसारात. तिच्यावर भार टाकायचा नव्हता.

"शब्द देत असशील तर बोलते," त्या म्हणाल्या. तुम्हीवरून तू कधी झालं ते मला कळलंही नाही.

"काकू, तुमच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ओळखू येणार नाही," मी म्हणाले. त्या वेळी मला त्याची बालंबाल खात्री होती.

मुलाखत आम्ही कॅमेरामनच्या घरी घेतली. तो शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठच्या गावातला. घराणं शेतकऱ्याचं, शेतांवर आता टॉवर उभे आहेत, पण यांचं बैठं घर तसंच आहे. मी नेहमीची खबरदारी घेतली. काकूंचं घड्याळ, चष्मा, पाटल्या काढून ठेवल्या. अंबाडा सोडून वेणी घातली. कॅमेरामनच्या बायकोचा पंजाबी ड्रेस त्यांना दिला. असला पोशाख त्यांनी जन्मात घातला नव्हता. आरशात बघून त्या लाजल्या. कॅमेरामनची म्हातारी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "बाय, आता तुला देव पन नाय वलखायचा."

खिडकीसमोर खुर्ची ठेवली, दिवे बंद केले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. काकूंच्या तोंडून शब्द निघेना. पाणी दिलं, थोडं थांबलो, पुन्हा तेच. शेवटी त्या ओशाळून म्हणाल्या, "अगं, माझे हात रिकामे असले की मला बोलताच येत नाही. माझी पिशवी दे बरं जरा."

पिशवीत कापूस होता आणि भस्माची डबी. काकूंनी लक्षवातीचा नेम धरला होता. एक लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि देवापुढे लावायच्या. त्यामुळे कापूस कायम बरोबर. ऑफिसात डबा खाऊन झाला की तेव्हाही. त्यांनी कापसाचा पेळू ओढून तळहातावर घेतली, बोटाला भस्म लावलं आणि वात वळायला लागल्या. आणि बोलायलाही लागल्या, अगदी सावकाश आणि न अडखळता. काही वाती झाल्या की त्यांची जुडी करायच्या, तिची टोकं तळहातावर हलकेच दोनदा ठोकून सारखी करायच्या आणि मग दोऱ्याचा वेढा द्यायच्या. टाइप झालेले कागद टेबलावर ठोकून सारखे करतात ना, तसं. वाती करणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, पण असं करणारी दुसरी पाहिली नाही. मला ते फार आवडलं. अंगावरचं जे जे ओळखीचं होतं ते मी सगळं उतरवून ठेवलं होतं. ही हातांची सवयही तशीच ओळखीची आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मुलाखत संपल्यावर कॅमेरामनने मला बाजूला घेतलं. "ताय, हातांचा एक शॉट घेतलाय, माझ्यासाठी. पन तू लावू नको हां."

"का रे? हातावर काय नाव लिहिलंय त्यांचं?" मी म्हणाले. तो ट्रायपॉड आवरायला लागला.

बातमी जोडताना बोलण्यातला मधला भाग कापला की चित्राला झटका बसतो. तो झाकायला वर दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. एडिटर मुलगा चुणचुणीत होता. म्हणाला, "मॅडम, इथे जंप येतोय. काय टाकू? खिडकी टाकू, तुळस टाकू?" खिडकी होती, तुळस होती, चुलीवरची भाकरीही होती. पण वाक्य कोणतं होतं, तर 'ते शेवटचं वाक्य मी टाइप केलं.' मी म्हणाले, हातांचा टाक. त्याने टाकला. अंधारातून फक्त दोन हात उजेडात आलेले, वातींची जुडी, तळहातावर दोनदा ठोकणं आणि दोऱ्याचा वेढा. सात सेकंद. "मॅडम, कडक! एक नंबर," मुलगा म्हणाला. मीही खूश झाले. पंधरा मिनिटं विचार करायला वेळ होता. मी तो शॉट चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा तो किती सुंदर आहे एवढंच पाहिलं.

संध्याकाळी सातला बातमी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाडला महापालिकेची माणसं पोचली, त्यांच्या इंजिनिअरने पोती बाजूला करून खांब पाहिला आणि दोन दिवसांत इमारत रिकामी झाली. कोणी नातेवाइकांकडे गेलं, बरीच कुटुंबं दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोल्यांत गेली. रस्त्यावर सामान काढून बसलेली एक बाई माझ्यावर ओरडली, "तुमची बातमी झाली, आमचं घर गेलं! आता दिव्यात पाणी भरायला तुम्ही येणार का?" तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं. पुढे पाडकाम झालं तेव्हा तो खांब पहिल्या घावालाच ढासळला, असं तिथल्या मजुरांनी आम्हाला सांगितलं. काकूंनी पिशवीत घालून आणलेल्या कागदांमुळे ती सगळी माणसं वाचली, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पण बातमीचा तुकडा तोवर मोबाइलवर फिरायला लागला होता. काकूंच्या ऑफिसात पाच माणसं. रोज दुपारी ते हात त्यांनी पाहिलेले. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"अगं, माझे हात दिसले," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. मोबाइल टेबलावर ठेवला आणि ते सात सेकंद त्यांच्यासमोर लावले. रागावले नाहीत. "तुम्हाला मी कधी काही कमी केलं होतं का?" एवढंच विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही. हात माझेच आहेत." मग आपला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन त्या घरी आल्या. हे सगळं त्यांनी मला एका सुरात सांगितलं. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या दिवशीच सुटले असते.

आणि मी म्हणाले, "काकू, चुकून राहिला हो तो शॉट. घाईत कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "तू तरी एकटी कुठे कुठे बघणार."

तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वतःलाच समजावत बसले. खरं सांगून त्यांची नोकरी थोडीच परत येणार होती? उलट त्यांना जास्तच वाईट वाटेल. दुसऱ्याच्या तोंडून असलं समर्थन ऐकलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

पुढे दोन महिने मी नौपाड्यात रोज जात होते, आणि काकूंची गल्ली टाळून जात होते. दोनदा फोन केला. कानावर यायचं. कोणी म्हणे, बाई धीराची. कोणी म्हणे, साहेबांचं मीठ खाऊन उलटली, आणि तेही तोंड लपवून. भजनाच्या बायका त्यांच्याकडून वाती नेत, त्यांनी येणं बंद केलं होतं. साहेबांवर चौकशी लागली होती, आणि त्यांच्या वकिलाने आमच्या चॅनेलला नोटीस पाठवली होती.

मग आमच्या चॅनेलचा वार्षिक समारंभ आला. वर्षातली उत्तम बातमी म्हणून माझ्या बातमीची निवड झाली. मी नवी साडी नेसून गेले. स्टेजवर बोलावलं, मागच्या मोठ्या पडद्यावर बातमीचा तुकडा लावला. कोणता लावणार? तेच हात. मोठ्या पडद्यावर नखाजवळचं भस्मसुद्धा दिसत होतं. सभागृह टाळ्या वाजवत होतं. संपादक माइकवर म्हणाले, "काय शॉट आहे! ही कल्पना कोणाची?"

मी म्हणाले, "माझी."

विचार करायला एक क्षणही लागला नाही. फोनवर काकूंशी बोलताना तो शॉट कोणाचाच नव्हता, आणि स्टेजवर तो माझा झाला.

जेवणाच्या वेळी कॅमेरामन माझ्याजवळ आला. कितीतरी वर्षं आम्ही बरोबर काम केलेलं, एकमेकांना कधी टाकून बोललो नव्हतो. तो खाली मान घालून म्हणाला, "ताय, तवा तू मना बोललेलीस, हातावर काय नाव लिहिलंय म्हनून. व्हता ना लिहिलेला." आणि ताट तसंच ठेवून निघून गेला. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या दारात उभी होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, नीटनेटक्या. त्यांनी "ये गं" म्हणून आत घेतलं, चहा टाकला. त्या वाळल्या होत्या. मी कुठून सुरुवात करावी हे जुळवत होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. तुला एक दाखवायचं आहे."

त्यांनी एक पत्र पुढे केलं. आयुक्तांना आणि पोलिसांना लिहिलेलं, लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप केलेलं, तीन पानी. समास सरळ, कुठे एक चूक नाही. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. दोन अहवालांपुरतं नव्हतं ते. तेव्हा लक्षात न आलेले, पण आता मागे बघता खोटे वाटणारे, आठवतील तेवढे सगळे अहवाल त्यांनी इमारतींच्या नावांसकट लिहून दिले होते.

"लोक म्हणतात तोंड लपवून बोलली. मग म्हटलं, आता नाव घालूनच बोलावं," त्या म्हणाल्या. "आणखी कुठे असा खांब असला तर?"

मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. 'सदर वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधींनी माझी ओळख गुप्त राहावी म्हणून सर्वतोपरी काळजी घेतली होती. ती उघड झाली ती केवळ अनवधानाने. त्यात त्यांचा कोणताही दोष नाही.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"साहेबांच्या वकिलाने नोटीस दिली आहे म्हणे. उद्या तुझ्यावर काही यायला नको. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, बाई."

चहा समोर निवत होता. मी म्हणाले, "काकू, हा परिच्छेद काढा."

"का?"

"खोटा आहे."

आणि मग मी सगळं सांगितलं. कॅमेरामन लावू नको म्हणाला होता ते. खिडकीचा शॉट होता, तुळशीचा होता, ते. मी चार वेळा पाहून हातच निवडले ते. समारंभात विचारल्यावर 'माझी' म्हणाले तेसुद्धा. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे बघत बोलत होते.

काकूंनी पत्र माझ्या हातातून घेतलं. तपासायचा मजकूर वाचतात तसं ओळीखालून बोट फिरवत तो परिच्छेद पुन्हा वाचला.

"हे चार दिवसांपूर्वीच रजिस्टरने गेलं गं," त्या म्हणाल्या. पत्राची घडी घालत म्हणाल्या, "म्हणजे हे दुसरं खोटं झालं माझ्या हातचं."

मला वाटलं होतं त्या चिडतील, रडतील, निदान मला जायला सांगतील. तसं काही झालं नाही. त्यांनी कप उचलून मोरीत ठेवले. पदराने लॅपटॉप पुसला, उघडला, नवीन पान काढलं आणि समास जुळवले. वर तारीख घातली, विषय घातला: माझ्या आधीच्या पत्रातील चुकीच्या माहितीबाबत.

"दुरुस्ती पाठवायलाच हवी," त्या म्हणाल्या. "पण बातमी जोडताना तिथे काय घडलं ते मी कसं लिहिणार? मी तिथे नव्हते. तू सांग, मी टाइप करते. खाली सही तुझी."

वीस वर्षं मी दुसऱ्यांना बोलतं केलं आहे. बोला, घाबरू नका, हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल. त्या खोलीत मला पहिला शब्द सुचेना. काकू बोटं की-बोर्डवर ठेवून थांबल्या होत्या. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. मग म्हणाले, "तो शॉट मी निवडला."

त्यांनी ते टाइप केलं, वाचून दाखवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "का निवडला?"